टेक्नो आपल्याच धंद्यातून आलाय : डेट्रॉईट ते कुरुळी फाटा

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

परवा आमच्या मंडळाची बैठक झाली. विषय एकच, यंदा डीजे लावायचा की नाही. एका बाजूला पोरं आणि दुसऱ्या बाजूला आम्ही चाळिशी-पन्नाशीवाले. आमच्यातले एक जण म्हणाले, "ढोल-ताशा आपली संस्कृती आहे, हे धाडधाड कुठून आणलंय तुम्ही?" त्यावर मागून एक पोरगा उठला. कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, खोली करून राहतो. म्हणाला, "काका, तुम्हाला सगळं धाडधाडच ऐकू येतं. त्यात पण प्रकार असतात."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. कारण मी स्वतः वीस वर्षं मेन्टेनन्सला काढली आहेत. बाहेरच्या माणसाला प्रेस शॉप म्हणजे नुसता गोंगाट. पण आम्हाला नुसत्या आवाजावरून कळतं की कुठल्या मशीनचं बेअरिंग बोलायला लागलंय. ज्याला गोंगाटात फरक ऐकू येतो त्यानेच "त्यात काय प्रकार असणार" म्हणून हसावं, हे काही बरोबर नाही.

म्हणून गेले दोन आठवडे सेकंड शिफ्टवरून आल्यावर मी हे संगीत ऐकत बसलो आणि त्याच्या इतिहासावर जे मिळेल ते वाचत गेलो. आणि चाट पडलो. या संगीतातला एक मोठा प्रकार चक्क मोटारी बनवणाऱ्या शहरात जन्मलाय. म्हणजे आपल्याच धंद्यात.

आधी ठोका समजून घेऊ

नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात दोन गोष्टी ओळखायच्या. पहिली, मिनिटाला ठोके किती. जसा इंजिनाचा आरपीएम, तसाच हा आकडा. दुसरी, ठोका पडतो कुठे. चार मात्रांच्या प्रत्येक मात्रेवर खालचा जाड ठोका सरळ पडला, धम्-धम्-धम्-धम्, की ते एक घराणं. ठोका मोडून, तिरका, अनपेक्षित जागी पडला की दुसरं घराणं. पहिल्यात हाऊस, टेक्नो, ट्रान्स येतात. दुसऱ्यात ड्रम अँड बेस, डबस्टेप वगैरे. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

हाऊस : जाळलेल्या डिस्कोच्या राखेतून

सत्तरच्या दशकात अमेरिकेत डिस्को जोरात होतं. ते नाचणारे आणि वाजवणारे बरेचसे काळे, लॅटिनो आणि समलिंगी लोक होते. अनेक गोऱ्या रॉकवाल्यांना ते खुपायचं. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलचे लागोपाठ दोन सामने होते. मधल्या वेळात एका रेडिओवाल्याने डिस्कोच्या तबकड्यांची पेटी मैदानात स्फोट करून उडवली. हजारो लोक मैदानात घुसले, दंगल झाली आणि दुसरा सामना होऊच शकला नाही.

त्याच शिकागोत १९७७ पासून 'वेअरहाऊस' नावाचा क्लब चालू होता. नावाप्रमाणे जुनी गोदामवजा इमारत. तिथे फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवायचा. नव्या डिस्को तबकड्या येणं कमी झालं तसं त्याने जुन्याच गाण्यांची टेप कापून-जोडून नाचण्याचा भाग लांबवला, पुढे त्याखाली ड्रम मशीनचा ठोका घातला. वेअरहाऊसमध्ये वाजतं ते 'हाऊस' असं नाव पडलं. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके, सरळ चौपट, वर टाळ्या, पियानो, गाणाऱ्या बाईचा मोकळा आवाज. आज लग्नाच्या वरातीत हिंदी गाण्याचं जे रीमिक्स वाजतं, त्यातल्या बऱ्याचशा रीमिक्सच्या खालचा सांगाडा हाच असतो.

टेक्नो : असेम्ब्ली लाईनचं लेकरू

आता आपल्या धंद्याकडे येतो. फोर्डने १९१३ मध्ये डेट्रॉईटजवळच्या हायलँड पार्कला सरकती असेम्ब्ली लाईन सुरू केली. पुढे सगळं शहरच मोटारींवर उभं राहिलं. १९५० ला तिथली लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती. गाव-शेती सोडून दक्षिणेकडून हजारो काळे मजूर तिथे कामाला आले. जसे आज आपल्याकडे मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून येतात.

त्यातलाच बेरी गॉर्डी हा फोर्डच्या लिंकन-मर्क्युरी कारखान्यात लाईनवर काम करायचा. १९५९ मध्ये त्याने गाण्यांची कंपनी काढली, तीच मोटाऊन. मोटाऊन म्हणजे मोटर टाऊन. लाईनवर जशी गाडी एका टोकाला सांगाडा म्हणून शिरते आणि दुसऱ्या टोकाला तयार होऊन निघते, तसे गायक घडवायचे, ही त्याची कल्पना.

पुढच्या पिढीत लाईनवर माणसांच्या जागी रोबो आले. कारखाने बंद पडत गेले, लोक शहर सोडत गेले. अशा काळात जवळच्या बेलव्हिल गावातल्या शाळेत तीन काळी पोरं एकत्र आली : हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन. जर्मनीच्या क्राफ्टवर्कचं यंत्रांवर वाजवलेलं संगीत त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. क्राफ्टवर्कवाले डुसेलडॉर्फचे, तोही कारखान्यांचाच पट्टा. या पोरांनी स्वस्तातल्या सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर स्वतःचं काहीतरी सुरू केलं. ॲटकिन्सने एकदा अशा अर्थाचं सांगितलं होतं की मला गॉर्डीच्या गाण्यांपेक्षा फोर्डच्या रोबोंमध्ये जास्त रस आहे. १९८८ ला इंग्लंडमध्ये त्यांच्या गाण्यांचा संग्रह निघाला, त्याच्या नावातच 'टेक्नो' होतं. तेव्हापासून हे नाव जगभर झालं.

टेक्नो ओळखायचा कसा? ठोका सरळ, १२० पासून १५० पर्यंत. शब्द जवळजवळ नाहीतच. एकच तुकडा फिरत राहतो आणि त्यात दर काही आवर्तनांनी बारीकसा बदल होतो. पहिल्यांदा ऐकलं की कंटाळा येतो. पण आठ तास लाईनवर उभं राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही की तोच-तो सायकल टाईम चालू असताना एखादा आवाज किंचित बदलला तर कान कसे टवकारतात. मला टेक्नो तिसऱ्या रात्री कळला. त्याआधी नाही.

अजून एक माणूस मला फार आवडला. रिची हॉटिन. डेट्रॉईटसमोर नदीपलीकडे कॅनडात वाढला. त्याचे वडील जनरल मोटर्समध्ये रोबोटिक्सचे तंत्रज्ञ आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक संगीताचे शौकीन. नव्वदच्या दशकात या पोराने डेट्रॉईटच्या बंद पडलेल्या पॅकार्ड मोटार कारखान्यात टेक्नोच्या रात्री भरवल्या. जिथे आजोबांच्या पिढीने गाड्या जोडल्या तिथे नातवंडं नाचली.

यंत्र एकच, पण आधी हात मुंबईचा

हा भाग वाचून माझी छाती फुगली. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० च्या सुमारास दोन यंत्रं काढली. टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बेस गिटारची नक्कल करणारं. ३०३ ला बेस गिटारचा आवाज काही जमला नाही. कंपनीने ते लवकरच बंद केलं आणि यंत्रं जुन्या बाजारात पडेल भावात गेली. तीच शिकागोच्या पोरांनी उचलली, त्याचे खुंटे वाट्टेल तसे पिळले आणि त्यातून तो किंचाळणारा, वळवळणारा आवाज काढला. १९८७ मध्ये 'फ्यूचर' या त्रिकुटाची 'ॲसिड ट्रॅक्स' आली आणि 'ॲसिड हाऊस' हा प्रकार जन्मला.

पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग नावाच्या वादकाने हीच दोन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले होते. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारा हा साधा माणूस. रेकॉर्ड तेव्हा कुणी विचारली नाही. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाच्या हाती लागली, २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि जग म्हणायला लागलं, अरे, हे तर ॲसिड हाऊस, आणि तेही शिकागोच्या आधी! म्हातारपणी त्यांना युरोपात वाजवायला बोलावणी आली. २०१५ ला ते गेले. शिकागोवाल्यांनी त्यांचं ऐकून केलं असं नाही, दोघांनी आपापलं शोधलं. पण "हे सगळं परदेशी" म्हणणाऱ्यांनी भैरव आणि मालकंसाचं ते काम एकदा ऐकावं.

ट्रान्स : गोव्याची वाळू

ट्रान्स मोठा झाला जर्मनीत, फ्रँकफर्टकडे. १३० ते १४० ठोके, लांबलचक सुरावट, हळूहळू चढत जाणारा ताण आणि मग सुटका. पण त्याचं एक घराणं थेट आपल्या शेजारी तयार झालं. हणजुण्याच्या किनाऱ्यावर सत्तरीपासून परदेशी हिप्पी रात्र-रात्र नाचत. आधी रॉक वाजायचं, ऐंशीच्या दशकात यंत्रांचं संगीत आलं. तिथल्या उन्हात आणि धुळीत तबकड्या टिकायच्या नाहीत, म्हणून डीजे लोक डॅट नावाच्या छोट्या डिजिटल कॅसेटवर वाजवायचे. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गोवा गिल हा त्यातला सगळ्यात नावाजलेला, २०२३ मध्ये वारला. त्यातून 'गोवा ट्रान्स' आणि पुढे 'सायट्रान्स' आलं : १४० ते १५० ठोके, घोड्याच्या टापांसारखा पळणारा बेस. आज इस्रायलपासून ब्राझीलपर्यंत लोक ते वाजवतात. नाव गोव्याचं, पण त्या नाचात गावातला गोंयकार किती होता, हा प्रश्न तिथले लोक आजही विचारतात. झोप मात्र त्याचीच उडाली.

मोडलेला ठोका : ड्रम अँड बेस, डबस्टेप

इंग्लंडमध्ये १९८८ च्या उन्हाळ्यात ॲसिड हाऊसचं वेड पसरलं. पोरं गोदामांत, शेतांत रात्री जमायला लागली. त्याला रेव्ह म्हणायचे. पुढे १९९४ ला सरकारने कायदा केला. उघड्यावर रात्री जमाव करून मोठ्याने वाजवायला बंदी, आणि त्यात संगीताची व्याख्या करताना 'एकामागोमाग येणारे तेच-ते ठोके' असा मुद्दाम उल्लेख. म्हणजे चक्क ठोक्यावर कायदा. आपला डॉल्बीचा वाद जगात पहिला नाही.

त्याच इंग्लंडमध्ये जमैकाहून आलेल्या कुटुंबांची मुलं होती. रस्त्यावर मोठमोठे स्पीकर रचून, भिंत उभी करून वाजवायची पद्धत मूळची किंग्स्टनची. होय, डीजेची भिंत ही त्यांची जुनी परंपरा. या मुलांनी १९६९ च्या एका अमेरिकन गाण्यातला काही सेकंदांचा ड्रमचा तुकडा घेतला, वेग वाढवला, कापून उलटसुलट जोडला. त्यातून जंगल आणि ड्रम अँड बेस झालं : १६० ते १८० ठोके, वर झांजांची झुंबड आणि खाली संथ जाड बेस. ताशाची तर्री आणि खाली ढोलाचा टोल आठवा, आपल्या कानाला हे अजिबात परकं वाटत नाही. २००० नंतर दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमधून डबस्टेप आलं. १४० ठोके, पण अर्ध्या वेगाचं वाटणारं, छातीत घुमणारं.

आपल्याकडे न्यूक्लियाने हाच जाड बेस घेऊन त्यावर आपल्या रस्त्यावरच्या मिरवणुकीचे आवाज चढवले. त्याचे २०१५ आणि २०१६ चे अल्बम पोरांच्या तोंडपाठ आहेत.

आणि आपली डॉल्बी

आता गंमत ऐका. आपण ज्याला 'डॉल्बी' म्हणतो ते स्पीकर डॉल्बी कंपनीचे नसतातच. रे डॉल्बी हा अमेरिकन अभियंता. साठच्या दशकात तो दोन वर्षं भारतात युनेस्कोचा सल्लागार होता. इथून जाऊन १९६५ ला त्याने लंडनमध्ये कंपनी काढली, आणि कंपनीचा पहिला शोध कोणता? टेपवरचा खरखराट कमी करायचा! गोंगाट कमी करणाऱ्याचं नाव आपण गोंगाटाला दिलं.

आपल्या जत्रेत-वरातीत जे वाजतं ते वरच्या कुठल्याच एका खणात बसत नाही. खाली हाऊसचा चौकोनी ठोका, वर हलगी किंवा ढोलकी, मध्ये एखादं जुनं लोकगीत नाहीतर सिनेमाचं गाणं. २०१६ ला 'सैराट' आल्यावर 'झिंगाट'ची किती रीमिक्स वाजली, ते कुरुळी-चिंबळी-मोशी पट्ट्यातल्या कुणालाही विचारा. त्याच वर्षीपासून २०१८ पर्यंत गोव्याचा सनबर्न महोत्सव पुण्याजवळ भरला. तिकीट काढून तिथे गेलेला तो 'इडीएम फॅन' आणि टेम्पोमागे नाचणारा तो 'टपोरी', असा भेद आपण करतो. ठोका दोन्हीकडे एकच.

मग बैठकीत मी काय बोलणार?

इतिहास सांगून झाला, म्हणजे भिंत लावायला मोकळीक, असं माझं म्हणणं नाही. उलट.

कंपनीत ९० डेसिबलला आठ तास ही मर्यादा आहे. त्यापुढे इअरप्लग सक्तीचा, नसेल तर सुपरवायझर झापतो. भिंतीसमोर शंभरच्या पुढे सहज जातं आणि तिथे आपण लहान पोरं खांद्यावर घेऊन उभे राहतो. डेसिबल हा गुणाकाराचा हिशेब आहे, दहाने वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट. कानातल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात त्या परत येत नाहीत. माझ्या डाव्या कानात रात्री शिट्टी वाजते, वीस वर्षांची कमाई. आणि जाड बेस भिंतीने अडत नाही. पन्नास हर्ट्झची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते, तिला तुमची नऊ इंची वीट काय करणार? खिडकी लावून घेतली तरी आजारी म्हातारीच्या छातीत ती पोचतेच.

कायदाही आहे, २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम. राहत्या भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ १२ पर्यंत वाढवू शकतं, बस्स. आणि एक गोष्ट आमच्या बाजूच्यांनीही ऐकावी. डेसिबल मीटर ढोल-ताशाला सूट देत नाही. शंभर ढोलांचं पथक गल्लीत उभं केलं तर आकडा तोच येतो. मग "आवाज नको" म्हणायचंय की "तुमचा आवाज नको" म्हणायचंय, हे आधी ठरवू.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डेट्रॉईटची लोकसंख्या आज साडेसहा लाखांच्या आतबाहेर आहे आणि २०१३ ला ते शहर दिवाळखोर झालं. मोटारी गेल्या. टेक्नो राहिला. २००० पासून तिथे दरवर्षी त्या संगीताचा महोत्सव भरतो, जगभरचे लोक येतात. आपल्याकडे डेट्रॉईटच्याच जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात थांबला, पुढे ह्युंदाईने घेतला. कारखाने येतात-जातात. पट्ट्यातल्या पोरांनी स्वतः केलेलं असं काय उरेल? आपण त्यांना बारा तास राबवतो, एका खोलीत पाच जणांना ठेवून भाडं घेतो. ना मैदान, ना वाचनालय, ना संध्याकाळी बसायला जागा. वर्षातून एकदा टेम्पोमागे नाचायला मिळतं, ते पण भाड्याच्या भिंतीसमोर, दुसऱ्याच्या गाण्यावर.

मी त्या पोराला शोधून काढला. खोलीवर गेलो. तो मोबाईलवर स्वतःची गाणी करतो, हेडफोन लावून, बाकीचे चौघं झोपलेले असताना. एक ऐकवलं. खाली ठोका, वर एक खर्र-फट्ट, खर्र-फट्ट आवाज. मी म्हणालो, "हा पिठाच्या गिरणीचा पट्टा आहे. आणि सटकतोय." तो बघतच राहिला. म्हणाला, "काका, आजपर्यंत कुणाला ओळखू आला नव्हता."

रविवारी पुन्हा बैठक आहे. माझा प्रस्ताव लिहून ठेवलाय :

१) भिंत नाही. दोन बेस, दोन टॉप, तेही जमिनीवर नीट मांडून. लेझर नाही.
२) मंडळाने डेसिबल मीटर घ्यावा. ढोल असो, डीजे असो, मोजणार आणि आकडा फळ्यावर लिहिणार.
३) दहाला बंद म्हणजे दहाला बंद.
४) दहा दिवसांतली एक संध्याकाळ पट्ट्यातल्या पोरांना. स्वतः केलेलं वाजवायचं, भाड्याचं नाही. कुठल्या गावचा, कुठल्या राज्याचा, हे विचारायचं नाही.
५) भिंतीवर जाणाऱ्या पैशातून जे वाचेल त्यातून एक साधा कॉम्प्युटर आणि चार हेडफोन, मंडळाच्या खोलीत वर्षभर.

पाचव्या मुद्द्यावर वाद होणार, माहितीये. तरी मांडणार. कुरुळीतल्या ज्यांना पटतंय त्यांनी रविवारी या, आणि ज्यांना पटत नाही त्यांनी तर नक्की या.

आणि हो, गिरणीवाल्याला निरोप दिलाय. पट्टा बदलून घे म्हणावं. पण पोराचं रेकॉर्डिंग झाल्यावर.